भास्करराव, झाड वडगावला पोचलं

भास्करराव,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी इंदापुरात तुमच्या दारापुढच्या मांडवात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. "आता प्रज्ञाताईंचे सासरे दोन शब्द बोलतील," असं पुकारलं आणि मी उभा राहिलो. "भास्करराव फार चांगला माणूस होता," एवढं म्हणून खाली बसलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय पाव्हणं, ग्रामसभेत तर माईक सोडत न्हाय तुमी!" त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आज लिहायला बसलोय. नीट जुळवून लिहिणं मला जमणार नाही. जसं आठवेल तसं.

आपण एकमेकांचे व्याही. माझा अमोल आणि तुमची प्रज्ञा एका कॉलेजात शिकली, पुढं हिमाचलात सफरचंदाच्या बागांच्या कामावर नोकरीला लागली आणि तिथूनच दोघांनी आपापल्या घरी फोन केला. तुमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती, आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. घरात कुणी भांडलं नाही, पण कुणी पेढेही वाटले नाहीत. लग्न तुमच्याकडं विहारात झालं, वंदना झाली, सगळं कसं नेटकं. दुसऱ्या दिवशी जेवण आमच्याकडं वडगावला. आणि त्या जेवणाला माझी निम्मी भावकी फिरकली नाही. माझा थोरला भाऊ आबा, ज्याच्या आणि माझ्या घरात एका कुंपणाचं अंतर, तो नेमका त्याच दिवशी फलटणला काम काढून गेला. ताटं मांडलेली आणि बसायला माणसं नाहीत. मी आचाऱ्याला उगाच काहीबाही सांगत फिरत होतो. तुम्ही सगळं बघितलं. निघताना माझा हात हातात घेतलात आणि एवढंच म्हणालात, "जेवण झकास झालं पाव्हणं. भात उरलाय बराच, गुरांपुढं टाकू नका, वसतिगृहातल्या पोरांना धाडा." आम्ही तो भात वसतिगृहात पोचवला. तुमच्या त्या बोलण्यानं मला त्या रात्री झोप लागली. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष आपण फोनवरचेच व्याही होतो. तुम्ही "जयभीम" म्हणायचा, मी "राम राम" म्हणायचो, तब्येत विचारायची, पाऊस विचारायचा, ठेवून द्यायचा. तुमचं इंदापुरात मोटरी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती उचलून तुमच्याकडं आणायचे, तुम्ही जळालेली तार काढून नवी गुंडाळून द्यायचा. मी ऊसवाला. आपल्याला बोलायला विषय तरी काय असणार?

मग प्रज्ञा पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा तुमच्यासाठी ते झाड घेऊन आली. जपानी मेपल. तिनं तिकडून फोटो पाठवले होते, डोंगरच्या डोंगर लाल झालेले, आणि तुम्ही म्हणाला होता, "एक आणशील का गं?" पेन्सिलीएवढं खोड, वर चार फांद्या, आणि पानं अशी की लहान मुलानं पंजा उघडून दाखवावा. तुम्हाला आधीपासून नाद होताच. दुकानाच्या भिंतीत उगवलेला उंबर तुम्ही पत्र्याच्या डब्यात लावून बुटका केलेला होता, हे मला पुढं कळलं. पण उंबर आपल्या मातीतला, कुठंही रुजतो. हे झाड थंडीतलं. त्याला इंदापूरचा उन्हाळा दाखवायचा म्हणजे काय हे तुम्हाला पुढच्या मार्चमध्ये कळलं.

होळी नुकतीच झाली होती. भर दुपारी मी ओट्यावर बसलो होतो, आणि फाट्याकडून एक माणूस छत्री धरून चालत येताना दिसला. जवळ आल्यावर ओळखलं, तुम्ही होता. छत्री तुमच्या डोक्यावर नव्हती. काखेत कुंडी होती आणि छत्री त्या कुंडीवर धरलेली. तुमचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि झाड सावलीत. इंदापूरहून बारामती, तिथं एसटी बदलून वडगाव, सगळा प्रवास ते मांडीवर घेऊन केला होता तुम्ही.

"पाव्हणं, एक काम हुतं," तुम्ही दारातूनच म्हणालात. "आमच्या बोअरचं पानी खारं. पानाच्या कडा करपाय लागल्यात बघा. वर गच्चीचा सिमेंट तापतोय. तुमच्याकडं पाटाचं पानी हाय, विहिरीपाशी गारवा हाय. पाऊस पडंपर्यंत ठेवाल का?"

व्याही लग्नानंतर पहिल्यांदा घरी येतो तेव्हा त्याचं काय काय करायचं असतं! बायकोनं, मालननं, आत तारांबळ उडवली, टॉवेल, टोपी, नारळ शोधायला लागली. आणि तुम्ही नळाखाली हात-पाय धुवून सरळ विहिरीकडं गेलात जागा बघायला. चिकूच्या झाडाच्या पूर्वेला, जिथं दुपारनंतर ऊन येत नाही आणि पलीकडच्या उसातून ओलसर वारा येतो, ती जागा तुम्ही हाताचा पंजा हवेत धरून पसंत केलीत. मालन पदर सावरत मागोमाग आली. कुंडीकडं बघून म्हणाली, "मंजी ह्ये उन्हाळ्याला माहेरी आलंय म्हना की!" तुम्ही हसलात. मी तुम्हाला हसताना पहिल्यांदा बघितलं. पुढचे दात थोडे पुढं, आणि हसताना डोळे पार मिटायचे.

त्या उन्हाळ्यापासून तुमची सोमवारची फेरी सुरू झाली. दुकानाला सुट्टी असायची, तुम्ही सकाळच्या गाडीनं यायचा. म्हणायचं झाड बघायला आलो. आणि खरंच आधी झाड बघायचा, मग आमच्याकडं. नव्या शेंड्याला दोन पानं उघडली की मधला कोंब नखानं खुडायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलोच.

"आवो, शेंडा मोडला की तुमी!"

"मोडायचाच आसतो. मंग बाजूनं दोन फुटतात."

"वाढंल कसं मंग?"

"वाढू नये म्हनूनच तर चाललंय, पाव्हणं."

माझी सगळी हयात ऊस वाढवण्यात गेली. खत टाकायचं, पाणी द्यायचं, कांड्या मोजायच्या, वीतभर जास्त उंच गेला की गावभर सांगायचं. आणि हा माणूस झाड वाढू नये म्हणून बारामतीमार्गे येतोय! मी म्हणालो, शेणखत घाला थोडं, कसं तरारून येतं बघा. तुम्ही म्हणालात, "तरारून नकोय. सावकाश पायजे."

पहिल्या हिवाळ्यात पानं गळाल्यावर तुम्ही माझ्यासमोर, इंदापूरला तुमच्या दुकानात, त्याची मुळं कापलीत. खालचं सरळ जाणारं जाड मूळ काढून टाकलंत, बाजूची बारीक मुळं ओल्या गोणपाटावर पसरून विंचरलीत, अगदी मालन केसांतला गुंता काढते तशी, आणि उथळ तबकात विटांच्या चुऱ्यात बसवलंत. मग फांद्यांना तार. ती तार जळालेल्या मोटरींतून निघालेली. "जळालेली तार मऊ पडती," तुम्ही म्हणालात, "नवी तार साल कापती." तुमची बोटं त्या फांद्यांवरून अशी फिरत होती की मी बिडी पेटवायची विसरलो.

पण मला ते बघवेना. मी बोलून गेलो. म्हणालो, भास्करराव, रागावू नका, पण मुळं तोडायची, शेंडे खुडायचे, तारांनी आवळायचं, जन्मभर तबकात ठेवायचं, हे कसलं प्रेम? हे दाबून ठेवणं झालं.

तुम्ही तार खाली ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "दाबून ठेवनं म्हंजे काय ते मला नका सांगू, पाव्हणं. माझ्या आज्याला बघितलंय मी. दाबलेल्या मानसाला कुनी रोज पानी घालत न्हाय. त्याच्या पानाची कड करपली म्हनून कुनी येष्टीत बसून धावत येत न्हाय. ह्या झाडाला म्या हात लावलाय, म्हंजी ते मरस्तवर माझ्यावर हाय. कुनी दाबनारा आसं म्हनला हुता का कदी?"

तुमचं म्हणणं मला आजही पूर्ण पटलंय असं नाही. झाडाला विचारलं तर ते काय म्हणेल, हा प्रश्न माझ्या मनात आहेच. पण त्या दिवसानंतर "दाबून ठेवलंय" हे दोन शब्द मी सहज वापरत नाही, हे मात्र खरं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आपलं बिनसलं. ते लिहावं की नाही याचा विचार केला, पण ते गाळलं तर तुमचं अर्धं चित्र गाळल्यासारखं होईल.

मे महिना. आबाची विहिरीवरची मोटर जळाली. ऊस लहान, पाणी तर पाहिजेच. आबानं तुम्हाला कुंपणापलीकडून बघितलेलं. दोन वर्षांत तुमच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. त्यानं मला बाजूला बोलावून सांगितलं, "तुझ्या व्याह्याला इचार की, मोटरीचं बघतो का. आलाच हाय तर." मला आनंद झाला. वाटलं, बरं झालं, या निमित्तानं बोलणं सुरू होईल. मी लगबगीनं चिकूखाली आलो आणि तुम्हाला म्हणालो.

तुम्ही झाडाला पाणी घालत होता. घालून झाल्यावर म्हणालात, "न्हाय."

"आवो, दोन मिंटाचं काम. निस्तं बघा तर."

"मोटर दुकानात आना म्हनावं. नंबर लावतो, पावती देतो, ग्यारंटी देतो. हितं मी मोटरवाला न्हाय. हितं मी व्याही हाय."

"घरचंच काम हाय भास्करराव."

तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "घरचं? जेवनाला कुठं हुतं घर?"

म्हणजे तुम्ही विसरला नव्हता. भाताची ती गोष्ट काढून तुम्ही माझी लाज झाकली होती, पण विसरला नव्हता. मी फाट्यापर्यंत तुमच्याबरोबर चालत आलो आणि वाटेत भांडलो. म्हणालो, एक पाऊल त्यानं टाकलं तर एक तुम्ही टाकायचं. तुम्ही म्हणालात, "त्यानं कुठं टाकलं? त्यानं तुमाला धाडलं." गाडी आली, तुम्ही चढलात. पुढच्या सोमवारी आला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

भास्करराव, या भांडणात कोण बरोबर होतं याचा निकाल आपण कधी लावला नाही. मी पुष्कळ वेळा विचार केलाय. तुम्ही मोटर बघितली असती तर आबा कुंपण ओलांडून आला असता, चहा झाला असता, गोड झालं असतं सगळं. आणि तुम्ही जन्मभर आमच्या भावकीत कामाचा माणूस म्हणून ओळखला गेला असता. मला तेव्हा गोडव्याची घाई होती. तुम्हाला नव्हती. आज मी तुमच्या बाजूला निम्म्याहून जास्त सरकलोय. पण पूर्ण नाही, हेही सांगतो, कारण खोटं बोललेलं तुम्हाला चालायचं नाही.

तेवढ्यात झाडानंच आपल्याला एकत्र आणलं. त्या आठवड्यात झळा सुटल्या. मी दिवसातून दोनदा पाणी घालत होतो, गोणपाट ओलं करून भोवती लावत होतो, तरी तीन दिवसांत एकेक पान कागदासारखं वाळलं आणि सगळी पानं तबकात पडली. नुसत्या काड्या राहिल्या. मी घाबरून फोन केला. "भास्करराव, गेलं वो झाड." तुम्ही म्हणालात, "तोडू नका. येतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आलात. मला राम राम नाही, काही नाही. खाली उकिडवे बसलात, खोडावर नखानं किंचित ओरखडा काढलात. आत हिरवा रंग दिसला. अगदी फिकट, पण हिरवा. तुम्ही माझा हात धरून मला खाली ओढलंत. "बघा. बघा की पाव्हणं. जित्तं हाय." मी बघितलं आणि मलाही भरून आलं. दोन साठीच्या पुढचे बाप्ये एका वीतभर काडीपुढं डोळे पुसत बसलेले, आणि मालन ओट्यावरून विचारतीय, "काय झालं? कुनाचा फोन आला?"

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा पाहुण्यासारखं न जेवता माझ्याबरोबर चिकूखालीच भाकरी खाल्लीत. ठेचा, कांदा, दूध. मी तेव्हा म्हणालो की पावसाळ्यात हे झाड हिमाचलाला धाडून देऊ. पोरांकडं सुखानं जगेल, इथं त्याचे हाल. तुम्ही घास तोंडात तसाच ठेवून म्हणालात, "तितं आसली झाडं रस्त्याच्या कडंला उभी हायत. आपोआप जगतंय तितं. मंग मी काय करू?"

हा वाद आपण पुढं दर उन्हाळ्यात घातला. तुम्ही हटला नाहीत, मीही नाही.

पाऊस सुरू झाला आणि झाड परत फुटलं. आधीपेक्षा बारीक पानं आली, आणि तुम्ही म्हणालात की तबकात शोभायला हीच हवीत. आबानं त्याची मोटर शेवटी टेम्पोत घालून तुमच्या दुकानात आणली. तुम्ही नंबर लावलात, पावती दिलीत, आणि बाकड्यावर बसवून चहा पाजलात. काय बोललात ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही. पण त्यानंतर आबा कधीमधी कुंपणापाशी उभा राहून झाडाकडं बघायचा. आत यायचा नाही. तुम्हीही बोलवायचा नाहीत. एकदा मात्र तुम्ही तबक उचलून थोडं कुंपणाच्या बाजूला सरकवून ठेवलेलं मी बघितलं. विचारलं तर म्हणालात, "तितं उजेड बरा हाय."

आपल्या नमस्काराचंही एक आठवतं. कधीपासून ते सांगता येणार नाही, पण मी तुम्हाला "जयभीम" म्हणायला लागलो आणि तुम्ही मला "राम राम" म्हणायला लागलात. आणि मग एका सोमवारी दोघांनी एकदमच उलटसुलट म्हटलं आणि फाट्यावर उभे राहून इतके हसलो की कंडक्टरनं गाडीतून डोकावून बघितलं.

गेल्या डिसेंबरात तुम्हीच म्हणालात की वडगावला पाटाच्या कडंला थंडी जास्त पडते, झाड हिवाळ्याला पण तिकडं ठेवू. इंदापुरात पानं लाल होतच नव्हती. हिरव्याची पिवळट होऊन गळायची. त्या आठवड्यात थंडीची लाट आली आणि तुम्ही आमच्याकडं मुक्कामाला राहिलात. व्याही झाल्यापासून पहिल्यांदा. मालननं तुम्हाला नवी गोधडी काढून दिली, ती तुम्ही घडी घालून उशाला घेतलीत आणि माझी जुनी पांघरलीत. सकाळी मी धार काढून आलो तर तुम्ही स्वेटर, मफलर घालून चिकूखाली उभे. मला हातानंच बोलावलंत, जणू बोललं तर काही उडून जाईल.

आठ-दहा पानं लाल झाली होती. उन्हाची पहिली तिरीप उसाच्या शेंड्यांवरून त्यांच्यावर आलेली. कुंकवासारखी लाल नाहीत, डाळिंबाच्या दाण्यासारखी, आतून. मी सत्तरीला टेकलोय, उसाच्या पलीकडं मी कधी कुठल्या पानाकडं असं बघितलं नव्हतं. तुम्ही प्रज्ञाला पाठवायला फोटो काढलात, तो हललेला आला. दुसरा काढलात, तोही हलला. शेवटी फोन खिशात ठेवलात. "पोरगी म्हनती तिकडं आख्खे डोंगर लाल हुतात," तुम्ही म्हणालात. "आपली आठ-धा पानं. पन आपली हायत."

मालन चहा घेऊन आली. तिघांनी तिथंच उभ्यानं प्यायलो. मला वाटतं, माझ्या म्हातारपणातली ती सगळ्यात चांगली सकाळ. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं. असल्या गोष्टी आपल्यासारखे लोक तोंडावर बोलत नाहीत, आणि मग माईकवर तर नाहीच नाही.

जानेवारीत तुम्ही झाड इंदापूरला घेऊन गेलात, माती बदलायची होती, नवी तार घालायची होती, आणि तुमची सगळी हत्यारं दुकानात. काम केलंत. मला फोनवर म्हणालात, "आवंदा झाक आकार आलाय, या बघायला." मी म्हणालो, ऊस तुटून गेला की येतो. ऊस तुटला, आणि मी निघायच्या आतच फोन आला. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

आबाला मी सांगितलं तेव्हा तो दाव्याला गाठ मारत होता. हात थांबले. मग म्हणाला, "आता उन्हाळ्यात त्या झाडाला कोन बघनार?" तो पुण्यानुमोदनाला आला नाही. गुडघे दुखतात म्हणाला. गुडघे दुखतात हे खरं आहे. तेवढंच कारण होतं का, ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत.

पोरं परत निघाली त्या दिवशीचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे. प्रज्ञा मला म्हणाली, "तात्या, पप्पांचं झाड मी घेऊन जाते. तिकडं ते छान राहील." मी इतकी वर्षं हेच म्हणत होतो. आणि आता अडवायला तुम्ही नव्हता. मी स्वतः ते बांधायला घेतलं. ओलं शेवाळ लावलं, गोणपाट गुंडाळलं, खोक्याला भोकं पाडली. वाद मी जिंकलो होतो आणि माझे हात काही केल्या गाठ मारेनात. कळ्या टपोऱ्या झालेल्या, एकदोन उघडायच्या बेतात, आणि फांद्यांवर तुम्ही घातलेली ताजी तार.

विहीणबाई, तुमच्या कुसुमताई, इतके दिवस कुणाशी फार बोलल्या नव्हत्या. भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. त्या उठल्या, खोक्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ते कुटं न्यायचं न्हाय."

प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, इथं उन्हात मरून जाईल ते."

"उन्हाळ्यात ते वडगावला जातं," विहीणबाई म्हणाल्या. "मी बी जाईन संगं. हितं एकली बसून तरी काय करू?" मग माझ्याकडं वळून, "चालंल न्हवं पाव्हणं?"

मालन पुढं झाली, तिनं त्यांना जवळ घेतलं. मी खोक्याची दोरी सोडली. इतकी सहज सुटली ती.

होळी झाली. रविवारी विहीणबाई आल्या. मी फाट्यावर गाडी घेऊन थांबलो होतो. एसटीतून उतरल्या त्या तबक दोन्ही हातांत धरून. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." घरापर्यंत तसंच मांडीवर आणलं. पानं फुटलीत भास्करराव, अगदी कोवळी, कडेला तांबूस. सगळी.

चिकूखाली तुमच्या जागेवर मी कट्टा धुवून ठेवला होता. तबक ठेवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणं मी त्याचं तोंड ओट्याकडं करून ठेवलं. दरवेळी तुम्ही बजावायचा, बोन्सायला समोरची बाजू असते, ती ठरवायला तुम्हाला एक आख्खा हिवाळा लागला होता, आणि त्यानुसारच सगळ्या फांद्या वळवलेल्या. विहीणबाई थोड्या मागं सरकल्या, डोकं कलतं करून बघितलं. मग पुढं आल्या आणि तबक हळूच फिरवलं. पार उलटं. जी बाजू तुम्ही मागची म्हणून ठरवली होती ती समोर आली.

मी म्हणालो, "विहीणबाई, त्यांनी ती बाजू फुडं ठेवली हुती."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मला पयल्यापासनं ही आवडती."

"मंग त्यांना सांगितलं न्हाय?"

"त्यांनी इचारलं कुटं?"

आणि हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मालनही हसली, मीही हसलो.

भास्करराव, रागावू नका. मी खाली बसून नीट बघितलं, उठून लांबून बघितलं, संध्याकाळी परत बघितलं. झाड त्याच बाजूनं चांगलं दिसतं.